धुण्याची पाळी

माझ्या आईनं जन्मभर राख धुतली.
परळीला, थर्मलच्या मागच्या वस्तीत,
सकाळी दोरीवर टाकलेलं पांढरं
दिवेलागणीला करडं होऊन उतरायचं.
कुठला संच पेटला, कुठला बंद पडला
हे बापाच्या आधी तिला कळायचं,
बनियन पिळताना.

मी आता सूर्य धुते.
म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी एक साहेब तसं म्हणाले होते.
मी पाट्या धुते,
रात्री दहा ते तीन.
दिवसा काच तापलेली असते,
गार पाणी पडलं की तडकते म्हणे.
बाईचं तसं नसतं.

बारा हजार लिटरचं टँकर येतं,
त्यावर लिहिलंय : पिण्यास अयोग्य.
आम्ही ते वाचून पितो.
गावात नळ नवव्या दिवशी,
नवव्या दिवशी मी खाडा करते.

हा माळ आधी पड होता, असं कागद सांगतो.
पड म्हणजे मोकळा, कुणाचाच नाही.
लिंबाजी हटकराच्या मेंढ्यांना तो पाठ होता,
कुठं पवना, कुठं कुसळी,
कुठल्या तरवडाच्या सावलीला कोकरू व्यालं.
दप्तरात गवताला रकाना नाही.
लिंबाजी आता कुंपणाच्या कडेकडेनं
दोन कोस जास्ती चालतो,
आणि माझ्याशी बोलत नाही.

नवरा रात्री घरी नसतो.
या आठवड्यात थ्री फेज बारानंतर,
तो विहिरीवर, मी इथं,
मधी एक ओढा.
लांबून आम्ही एकमेकांची बॅटरी ओळखतो,
त्याची जरा पिवळी.
दिवसभर इथून वीज जाते मोठ्या तारांवरनं,
कुठं जाते ते तारांना माहीत.
रात्री आमच्या मोटरीला जी येते
ती कोळशाचीच असणार,
आईच्या हातची, जुनी.

सूर्याचा मला राग नाही.
बापाची छाती वाजायची ती मी भिंतीपलीकडून ऐकलीय.
पाटी खोकत नाही.

तर चैत सरता सरता
एकशे चौदाव्या रांगेखाली टिटवीनं अंडी घातली.
खड्यांत खडे.
उजेडात मला तीनच दिसली,
चौथं पायाखाली यायचं राहिलं.
ती डोक्यावर येऊन अशी ओरडली
की सगळा माळ जागा झाला, वॉचमन सोडून.
मी पाइप मुरगाळला
आणि एकशे पंधराला गेले.

सहाव्या दिवशी पुण्याहून फोन.
पोरगा होता, बोलणं गोड.
"मावशी, एकशे चौदाला काय झालंय?
इथं लाल दाखवतंय. नऊ टक्के कमी."
धूळ आहे म्हटलं.
"मग धुवून घ्या ना."
म्हटलं, बसलीय ती, उठवू कशी?
"कोण, धूळ?"
मी गप्प राहिले.
त्यानं काहीतरी टाइप केलं.
महिन्याच्या पगारात दोनशे तीस रुपये कमी आले,
कशाचे, ते मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.

किती रात्री झाल्या मोजलं नव्हतं.
एकदा ती ओरडली नाही.
वाकून बघितलं तर टरफलं,
आतून पांढरी, बाहेरून मातीची.
पिल्लं दिसली नाहीत,
ती दिसत नसतातच.

मग पाइप सोडला.
पाटीवरनं पहिलं पाणी उतरलं ते करडं,
हातावर घेऊन बघितलं, बोटांत चोळलं.
इथून परळी तशी लांब नाही.
वारा काही बंद झालेला नाही.

पाट्यांच्या खालच्या कडेला,
जिथं रोज थेंब गळतात,
एक ओळ हिरवी उठलीय, बोटभर.
पवना आहे, मी ओळखते.
आमच्या कंत्राटात तण काढणंही आहे.
तण कुठलं, ते त्यात लिहिलेलं नाही.